वीसपैकी चौदा पुरेत

३ सप्टेंबर, बुधवार

साडूने नवी गाडी घेतली. पांढरी. मला काही फरक पडत नाही. दुपारी जेवण गेलं नाही, ते उकाड्यामुळे.

जुनी निळी गाडी आम्हाला देऊन गेला. 'दादा, घरचीच समजा. पडून राहण्यापेक्षा तुम्ही फिरवा,' म्हणाला. उपकार करताना हा माणूस इतका मोकळा हसतो की धड रागावताही येत नाही. बायको आणि मुलगी खाली जाऊन गाडीला चार प्रदक्षिणा घालून आल्या. मी गॅलरीतूनच पाहिली. डाव्या दाराला खरचटलंय. ते सगळ्यात आधी मला दिसलं.

घरात लायसन्स कोणाकडेच नाही. म्हणजे काढायचं मीच. शिकाऊ लायसन्ससाठी लेखी परीक्षा असते असं कळलं. कॉम्प्युटरवर वीस प्रश्न, प्रत्येकाला तीस सेकंद, चौदा बरोबर आले की पास. हसू आलं. सव्वीस वर्षं शाळेत भूगोलाचे पेपर काढतोय. माझी परीक्षा घेणारा अजून जन्माला यायचाय.

४ सप्टेंबर, गुरुवार

बायको म्हणाली, मीही देते परीक्षा.

कारण विचारलं. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून साडू एका रविवाराआड बायकोला आणि मेहुणीला गाडीतून दोन तासांवर त्यांच्याकडे नेतो. बायको म्हणाली, आईला भेटायला किती दिवस दुसऱ्याची सवड बघायची? मी म्हणालो, आता मी नेईन की. तर म्हणाली, म्हणजे तुमची सवड बघायची.

मी तिला परवानगी दिली. तिने मागितली नव्हती, पण दिलेली बरी.

मुलीने दोघांचीही २४ तारीख घेतली.

७ सप्टेंबर, रविवार

साडूने बायकोला प्रश्नांचं पुस्तक आणून दिलं. एकच. पहिल्या पानावर लिहिलंय, 'ताई, तुम्हाला सहज जमेल!' मला सहज जमेल असं कुठेच लिहिलेलं नाही. गृहीत धरलं असावं.

मुलीने फ्रिजवर कागद चिकटवला. एका बाजूला आई, एका बाजूला बाबा. मोबाइलवर रोज सराव परीक्षा द्यायची आणि मार्क लिहायचे. पोरकटपणा. मी भाग घेणार नाही असं सांगितलं.

आईच्या खाली आज ११.

आकडा वाईट नाही, पण पाया कच्चा आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

आईच्या खाली १५.

साडूचा फोन आला होता. अर्धा तास. त्रिकोणातली चिन्हं सावध करणारी, लाल वर्तुळातली मनाई करणारी, असं काहीतरी तो समजावत होता आणि बायको 'अय्या, सोप्पंय की' म्हणत होती. मी सव्वीस वर्षं शिकवतोय. लग्नाला तेवीस झाली. मला ती कधी 'अय्या, सोप्पंय की' म्हणाली नाही. एकदा वाऱ्यांची दिशा समजावून सांगत होतो, तर झोपली.

साडू पाण्याचे पंप विकतो. शिकवण्याशी त्याचा संबंध काय?

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून अभ्यास.

१० सप्टेंबर, बुधवार. सकाळी ८.४०

उठलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आईच्या खाली १७. बाबांच्या खाली मुलीने भोपळा काढलाय. त्याला चष्मा लावलाय. कोणाचा ते ओळखू येतं.

आज बायको औषधांच्या दुकानात कामावर गेल्यावर पुस्तक चाळायला घेतलं. प्रश्नांचं व्याकरण भयंकर. 'वाहन चालविताना चालकाने काय करावे नये?' असं छापलंय. हे वाचून कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? दोन-चार ठिकाणी लाल पेनाने दुरुस्त्या केल्या. मग आठवी-ब चे पेपर तपासायचे होते, म्हणून पुस्तक त्या गठ्ठ्याखाली ठेवलं. गठ्ठा कपाटात ठेवला. कपाटाला कुलूप लावलं. पेपर गोपनीय असतात.

संध्याकाळी बायको पुस्तक शोधत होती. सोफ्याच्या गाद्या काढल्या, धुण्याची बादली उपसली. मीही मदत केली. कपाट सोडून सगळीकडे पाहिलं.

याला कोणी लपवणं म्हणणार नाही. पुस्तक आपल्याच घरात आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

बायको साडूच्या गाडीतून सासूबाईंकडे गेली. मुलगी मैत्रिणीकडे. घर रिकामं. अभ्यासाला याहून चांगला दिवस नाही.

९.०० पुस्तक काढलं.
९.२० आधी पंख्याची पाती पुसली. धुळीत लक्ष लागत नाही.
१०.१५ पान तिसरं. आणखी सहा चुका. लाल पेन संपलं.
१०.३० पेन आणायला बाहेर.
१.०० जेवण.
१.३० डोळे मिटून चिन्हांची उजळणी.
५.४५ उजळणी संपली.

बायको आल्यावर म्हणाली, आई आता काठी घेऊन फाटकापर्यंत चालते. मग म्हणाली, साडूने आईला हात धरून पायऱ्यांवरून उतरवलं, स्वतःच्या आईला उतरवतो तसं. मी म्हणालो, बरं. मीही उतरवलं असतं. मला कोणी बोलावलं तर!

१५ सप्टेंबर, सोमवार

जबरदस्त कल्पना सुचली. चोवीसची वाटच कशाला बघायची? उद्याच गुपचूप जाऊन परीक्षा द्यायची, पास व्हायचं आणि सरकारी शिक्क्याचा कागद जेवणाच्या टेबलावर सहज पडल्यासारखा ठेवायचा. साडूसमोर. त्याचं ते हसू कुठे जातं बघू.

लायसन्स ऑफिसात जाऊन माझी तारीख बदलून घेतली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, 'तयारी झाली का सर?' मी नुसता हसलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

वीसपैकी नऊ.

याची कारणं अशी. एक, खुर्ची हलत होती. दोन, शेजारचा तरुण मुलगा उत्तरांची बटणं टकाटक दाबत होता, त्याने एकाग्रता भंगली. तीन, तीस सेकंदांत प्रश्नाची रचना सुधारून मग उत्तर द्यायचं, हे कोणालाही अशक्य. 'शाळेजवळ मुले रस्ता ओलांडत असल्यास काय कराल?' मी उत्तर दिलं, हॉर्न वाजवीन. चूक धरलं. म्हणे थांबायचं. आमच्या शाळेची मुलं पाहिली नाहीत यांनी.

तरी नऊ म्हणजे जवळजवळ निम्मे. पुढची तारीख सात दिवसांनी मिळते. चोवीसच मागून घेतली. म्हणजे कुठे काही घडलंच नाही.

शाळेत अर्धी रजा का घेतली असं बायकोने विचारलं. दात दुखत होता असं सांगितलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी चमच्याने खायचं काहीतरी मऊ. दुपारच्या डब्यातही मऊ. बायकोने काळजीने केलंय, बोलता येत नाही. साडू संध्याकाळी मेहुणीला घेऊन आला, तिने सगळ्यांसाठी कुरकुरीत काहीतरी तळून आणलं होतं. वास खाल्ला. साडू म्हणाला, 'दादा, दाताकडे दुर्लक्ष नको.' त्याला बत्तीसच्या बत्तीस आहेत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

बायकोचा फोन, शाळा सुटल्यावर दुकानात या, दाताची गोळी देते. गेलो.

काउंटरमागे पाहिलं आणि उभाच राहिलो. औषधांचे रिकामे खोके कापून तिने पत्ते केलेत. प्रत्येकावर स्केचपेनने एक चिन्ह, मागे अर्थ. पुस्तक हरवलं म्हणून आठवून आठवून काढलेत. दीडशे तरी असतील. वळणाचा रस्ता, निसरडा रस्ता, अरुंद पूल. खोकल्याच्या औषधासाठी थांबलेले एक आजोबा पत्ता उचलून तिला विचारत होते, 'हे सांगा बरं?' ती सांगत होती. मागची बाई म्हणाली, 'आता मी विचारते.' डोळ्यांच्या थेंबांना आलेला माणूस थेंब घेऊन झाले तरी जाईना.

माझ्या वर्गात घंटा व्हायच्या आधी दप्तरं भरलेली असतात.

गोळी घेतली. दुखत काहीच नव्हतं, तरी घेतली.

२० सप्टेंबर, शनिवार

पुस्तक सोफ्याच्या मागे ठेवलं. म्हणजे तिथेच पडलं होतं असं वाटेल. मन मोठं असावं माणसाचं.

संध्याकाळी बायकोला सापडलं. 'अगंबाई, इथे होय!' म्हणाली. उघडलं. बराच वेळ पानं उलटत होती. मग म्हणाली, सोफ्यामागे पडून पडून पुस्तकाचं व्याकरण सुधारलंय.

मी पेपर तपासत होतो. वर पाहिलं नाही.

ती चहा करायला उठली. केला मात्र एकच कप. स्वतःचा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बायको म्हणाली, उद्या परीक्षा आहे, बसा, दहा प्रश्न विचारते. मी म्हणालो, उजळणीने डोकं शिणतं, आदल्या दिवशी विश्रांती घ्यायची असते. मुलांनाही मी हेच सांगतो. ती म्हणाली, आणि मुलं पास होतात?

हा टोमणा होता की प्रश्न, यावर बराच विचार केला. तोच माझा आजचा अभ्यास.

२४ सप्टेंबर, बुधवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

दहा वाजता दोघं लायसन्स ऑफिसात. रांगेत बायको पुढे, मी मागे. काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, 'अरे सर, परत आलात? मागच्या मंगळवारी नऊ आले होते ना तुमचे?'

मागच्या मंगळवारी. बायको वळली. मंगळवार तिने बोटांवर मोजला असावा. मला वाटलं आता काही खरं नाही. ती एवढंच म्हणाली, 'दात कसा आहे?'

मग आत गेलो. ती शेजारच्या कॉम्प्युटरवर. पाठ ताठ, ओठ हलतायत. मी तिच्याकडे पाहण्यात पहिले दोन प्रश्न गेले. मग मात्र मी सावरलो. खरंच सावरलो. शाळेजवळ थांबलो, पुलावर ओव्हरटेक केलं नाही, हॉस्पिटलपाशी हॉर्न वाजवला नाही. शेवटचा प्रश्न आला, 'खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही असे नाही?' आता दोन नकार एकमेकांना खाऊन टाकतात, तिसरा उरतो, हे मी मनात मांडतच होतो तेवढ्यात तीस सेकंद संपले.

बायको एकोणीस. मी तेरा.

एक मार्क. एका मार्काला काय निकाल म्हणतात? आठवी-ब मध्ये एका मार्कासाठी रडणाऱ्या मुलाला मी म्हणालो होतो, नियम म्हणजे नियम. त्याचा चेहरा दिवसभर डोळ्यांपुढे येतोय. कारण नसताना.

बायकोने कागद पर्समध्ये घडी घालून ठेवला. टेबलावर टाकला नाही. टाकला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

फ्रिजवर मुलीने आईच्या खाली १९ लिहून चांदणी काढली. बाबांच्या खालचा भोपळा बायकोने खोडला आणि १३ लिहिलं. माझ्यादेखत.

साडूचा फोन. 'ताई, मानलं!' मग मला द्यायला सांगितलं. म्हणाला, 'दादा, माझाही पहिल्या वेळी गेला होता.' खोटं बोलतोय. इतक्या चांगुलपणाने खोटं बोलतो की चीड येते.

१२ ऑक्टोबर, रविवार

साडू रोज सकाळी बायकोला मोकळ्या मैदानात निळी गाडी शिकवतो. आज बघायला गेलो. मैदानाच्या कठड्यावर बसलो. गाडी चार वेळा बंद पडली. प्रत्येक वेळी मला बरं वाटलं, आणि प्रत्येक वेळी ते दोघं हसले, ते वाटलेलं बरं गेलं.

पाचव्यांदा गाडी मैदानभर फिरली. माझ्यासमोरून जाताना बायकोने हात हलवला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तसेच ठेवायचे असतात.

संकल्प: या वेळी सगळं पुस्तक पाठ. शेवटच्या पानापासून सुरुवात, कारण सगळे पहिल्यापासून करतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा परीक्षा दिली. मागच्यापेक्षा दोन कमी. शेवटच्या पानांवरचे प्रश्न आलेच नाहीत. ऑफिसच्या कारभाराविषयी तक्रारीचं पत्र लिहायला घेतलंय. मायना उत्तम जमलाय.

बायकोला सांगितलं, निकालात काही तांत्रिक अडचण आहे. ती 'बरं' म्हणाली.

९ नोव्हेंबर, रविवार

सासूबाईंकडे गेलो. निळ्या गाडीने. मोठ्या रस्त्यावर साडूने चालवली. गाव आल्यावर बायको चालवायला बसली. शिकणाऱ्याच्या शेजारी लायसन्सवाला माणूस लागतो, म्हणून पुढे साडू. मी मागे.

सासूबाई फाटकात उभ्या होत्या. मुलगी गाडी चालवत आली हे पाहून त्यांनी दोन्ही गालांना हात लावले. मग हट्टच धरला, मलाही एक चक्कर मारून आण. मागे बसलेली मेहुणी उतरली, मी हात धरून सासूबाईंना माझ्या शेजारी बसवलं. साडूच्या आधी पोचलो होतो.

बाजारातल्या सिग्नलला गाडी थांबली. खिडक्या उघड्या. सासूबाईंना कमी ऐकू येतं. विचारलं, 'जावईबापू, तुम्ही का नाही चालवत?' म्हणालो, थोडी अडचण आहे. 'कसली चढण?' म्हणाल्या. चढण नाही, अडचण, परीक्षेची. 'मग झाली का परीक्षा?' झाली. 'काय झालं मग?' मी हळू सांगितलं. 'काय?' पुन्हा सांगितलं. 'काय म्हणालात?'

'नापास झालो!' मी ओरडलो. 'तीनदा!'

शेजारच्या स्कूटरवरची दोन माणसं वळून बघू लागली. पुढे साडू हसला नाही. हसायला हवं होतं त्याने. एवढे महिने हसला, आत्ता नेमका खिडकीबाहेर बघत राहिला.

सासूबाई म्हणाल्या, 'मग असं सरळ सांगायचं की,' आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

सिग्नल हिरवा झाला. बायकोने गाडी सोडली. धक्का अजिबात बसला नाही. मी वाट बघत होतो.