पाठीवरचं पाणी

बाबा,

एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. सत्तावीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माझ्या वहीत, माझ्या मुलीहून लहान अशा एका बाईंनी परवा लाल शाईनं ‘छान’ असा शेरा दिला आणि शेजारी हसरा चेहरा काढला. तुम्ही उभ्या हयातीत एकाही विद्यार्थ्याला ‘छान’ दिलं नाहीत. तुमच्याकडून ‘बरे’ मिळालं तर लोक घरी पेढे आणत. त्या घराण्याची ही अवस्था. आता हेही सांगून टाकतो, की घरी आल्यावर तो शेरा मी दोनदा उघडून पाहिला.

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात तुमचा आजार माझ्याकडे आला. रक्तवाहिनीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, जाळीचं काम आमचं होतं, पुढचं तुमच्या सवयींचं. म्हणून दर दुसऱ्या गुरुवारी मी दिग्रसहून एसटीनं यवतमाळला जातो. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही सात-आठ हृदयरोगी गोल करून बसतो आणि या समुपदेशक बाई आम्हाला बोलतं करतात. वहीत रोज लिहायचं असतं: काय खाल्लं, किती चाललो, झोप कशी लागली, आणि भीती किती वाटली, दहापैकी. ‘छान’ मिळालं ते खाण्याला. चालण्याचा रकाना कोरा होता.

“काका, चालायचं का टाळता?” बाईंनी विचारलं. मी माझं ठेवणीतलं उत्तर काढलं. म्हटलं, माझे वडील पहिल्या झटक्यानंतर दोन वर्षं रोज पहाटे तासभर चालले, एक दिवस चुकवला नाही, तरी गेले. तुम्ही गेल्यापासून सोळा वर्षं हे उत्तर मी सगळ्यांना देत आलोय. यावर आजवर कुणाला काही बोलता आलेलं नाही.

परवा आलं. माझ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ बसतात. पूर्वी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असत, तुम्ही त्यांना ओळखता. ते म्हणाले, “गुरुजी चालत कुठी होते सर? जिनिंगच्या गेटापाशी मायाजवळ बाकावर बसत. तासभर आमच्या गोठी चालत. निंगताना हापशीवर जाऊन पाठीवर पाणी मारत न मंग घरी जात.”

“कायले?” मी विचारलं. वर्गात पोरांच्या तोंडून हा शब्द आला की मी डोळे वटारतो.

“आता घरच्याईले घाम दिसाले पाह्यजे न.”

सगळे हसले. मीही हसलो, कारण तिथे दुसरं काही करता येईना. पण परतीच्या बसमध्ये मला ती सकाळ दिसत राहिली. पौष महिना आहे, मी स्वयंपाकघरात तुमचं आंघोळीचं पाणी तापवतोय. तुम्ही दारातून आत येता, सदरा पाठीला चिकटलेला. “आज दोन फेऱ्या जास्तीच्या झाल्या,” म्हणता. मी टॉवेलनं तुमची पाठ पुसतो. घाम गार लागतो. मला वाटतं, माणूस मुळातच थंड, घाम तरी कुठून गरम येणार. दोन वर्षं मी हापशीचं पाणी पुसत होतो, बाबा. आणि आठवीत शब्दरूपं पाठ न करता ‘पाठ केली’ असं मी वहीत लिहिलं, तेव्हा तुम्हीच मला अख्ख्या वर्गासमोर तासभर उभं केलं होतंत. चूक चालेल, खोटं चालणार नाही, म्हणालात. ते मी आयुष्यभर जपलं आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही छळलं.

बाईंनी त्या गृहस्थांना विचारलं, ते चालत का नव्हते? “भेव वाटे त्याईले,” ते म्हणाले. “मले म्हणत, पाऊल उचललं का छाती ठोकते. पोराले सांगतलं तं थो नोकरी सोडून माया मांगं मांगं फिरन.” बाई म्हणाल्या, असं पुष्कळांना होतं. एकदा झटका येऊन गेला की स्वतःच्या ठोक्याचंच भय बसतं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मी विचारलं नाही, कबूल. पण तुम्ही ते एका काटेवाल्याला सांगितलंत, आणि मी टॉवेल घेऊन हातभर अंतरावर उभा होतो. तुमच्या खोट्याहून मला हे जास्त लागलं. त्या खोट्यावर विसंबून मी सोळा वर्षं एक पाऊल चाललो नाही, तो राग वेगळाच.

निघताना बाई म्हणाल्या, “काका, भीतीच्या रकान्यात तुमचं रोज शून्य असतं.” मी म्हटलं, आहे तेच लिहितो.

आंघोळीला जाताना मी आता कडी लावत नाही. बायकोला सांगितलंय, कडी गंजलीय. कडी धड आहे. आत असताना कळ आली तर दार तोडण्यात वेळ जाईल, म्हणून लावत नाही. चार महिने झाले. हे पत्र मी वहीत ठेवणार नाही, बाई पानं उलटून पाहतात. मला फार भीती वाटते, बाबा, आणि पुढच्या खेपेच्या गुरुवारीही मला ते सांगता येईल असं वाटत नाही.