माझ्या यकृतात प्रयोगशाळा चालवल्याच्या नोटिशीबाबत

प्रति,
मा. उपनिबंधक, सहकारी संस्था,
नवी मुंबई.

विषय : पोटातील उपकरणासह मला माझ्याच घरी राहू देण्याबाबत.
संदर्भ : शीतलछाया गृहनिर्माण संस्था, सीवूड्स यांची 'निवासी जागेचा अनिवासी वापर' ही नोटीस.

महोदय,

मी निवृत्त ग्रंथपाल असून कोणाविरुद्ध अर्ज करण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे. चुकत असल्यास आधीच क्षमा असावी.

माझ्या यकृतात कर्करोगाची गाठ आहे. तिला कोणते औषध लागू पडेल हे पाहण्यासाठी डॉक्टर सोमवारी तांदळाच्या दाण्याएवढे उपकरण सुईने तिच्यात बसवणार आहेत. त्यातील इवल्या कप्प्यांतून निरनिराळी औषधे थोडी थोडी झिरपतील. मधले दोन दिवस मी घरी राहायचे. मग उपकरण काढून कोणत्या कप्प्याशेजारची गाठ मेली ते तपासतील.

आमच्या संस्थेत माशांची काचपेटी आणली तरी कळवावे लागते. म्हणून मीच लेखी कळवले, की सदनिका ६०४ मध्ये दोन दिवस कर्करोगाच्या औषधांची चाचणी चालेल. चूक तिथेच झाली.

सचिव श्री. दिपेश भोईर सभेत म्हणाले, "काका, तुमच्याबद्दल रिस्पेक्ट आहे, पण आज लॅब, उद्या हॉस्पिटल! पार्किंगचं टेन्शन कोण घेणार?" मी उत्तर पाठ करून गेलो होतो, माईक हातात आल्यावर फक्त 'धन्यवाद' म्हणालो. ते संमती म्हणून इतिवृत्तात नोंदले गेले. माझी पत्नी स्मिता मागून ओरडली, "अहो, लॅब यांच्या पोटात असणार आहे! तिला कुठलं पार्किंग लागतंय?" ते नोंदले गेले नाही.

आता उपकरण बसवून आल्यावर ना-हरकत पत्राशिवाय मला फाटकातून आत सोडू नये, असे पहारेकऱ्याला सांगितले आहे. घरी राहण्याची सोय नसल्यास रुग्णालय माझी जागा दुसऱ्या रुग्णास देईल. मग औषध अंदाजाने निवडावे लागेल, आणि अंदाज चुकण्याइतका वेळ माझ्याकडे नाही, असे डॉक्टर म्हणतात.

उपविधी मी पुन्हा पुन्हा वाचले. संस्थेचेच बरोबर असावे, अशी शंका मला येते. तथापि एक बाब भीतभीत निदर्शनास आणतो. उपकरण दोन दिवसांचा पाहुणा आहे. गाठ मात्र वर्षभर कोणालाही न कळवता, ना-हरकत न घेता त्याच पत्त्यावर राहत असून तिने बरेच वाढीव बांधकामही केले आहे. तरी संस्थेने पहिली नोटीस तिला बजावावी आणि ती जागा सोडेपर्यंत मला घरात येऊ द्यावे, असा आदेश सोमवारपूर्वी व्हावा, ही विनंती.

आपल्या आदेशाच्या प्रतीक्षेत,
नम्र
अभिराम केळशीकर
(सदनिका ६०४, तूर्त)
दि. १३ नोव्हेंबर २०२५

सोबत : नोटिशीची प्रत, डॉक्टरांचे पत्र, आणि आकाराची कल्पना यावी म्हणून कोलम तांदळाचा एक दाणा. निवडलेला आहे. परत करण्याची आवश्यकता नाही.