अमान आजींचा उजवा हात

माझ्या गुणाच्या आईस,

तुझ्या व्लोराचा नमस्कार. मी ठणठणीत आहे. गुडघा शेकतेस ना? मिरच्या वाळल्या का?

मी स्विस नागरिक व्हायला अर्ज केला होता, त्याचा काल निकाल लागला. इथे ते गावसभाच हात वर करून ठरवते. आमच्या वृद्धाश्रमातल्या अमान आजींना चाकाच्या खुर्चीतून मीच सभेला नेलं. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. वर्षभर रोज सकाळी तेल लावून मी तो चोळला, पुन्हा उचलायला शिकवला.

सरपंच म्हणाले, "अकरा वर्षं आपल्या म्हाताऱ्यांचं करतेय ही. कामाला वाघ आहे."

एक शेतकरी उठला. "माझा घोडाही राबतो. मग त्यालाही मताचा हक्क देऊ या का?"

सगळे हसले. मीही हसले, आई. नसते हसले तर म्हणाले असते, बघा, हिला आपली थट्टा कळत नाही.

मग मला बाहेर काढलं. दाराला काच होती. "विरोधात कोण?" सरपंचांनी विचारलं. भराभर हात वर झाले. आजींचाही झाला. खांद्याच्याही वर, काठीसारखा ताठ. माझ्यासमोर तो इतका कधीच गेला नव्हता.

अर्ज फेटाळला. बाबांना एवढ्यात सांगू नकोस.

परतताना मी खुर्ची ढकलत होते. आजी खुशीत म्हणाल्या, "पाहिलंस का गं, कसा गेला वर?"

"पाहिला, आजी," मी म्हटलं. "दुखला नाही ना?"

तुझीच,
व्लोरा