भिंतीवरच्या उष्ट्या रोट्या

अहो,

किल्ली देताना शेजारच्या सालोमत आपांनी तोंड फिरवलं असेल, तर रागावू नका. मोहिराच्या लग्नात बापाच्या जागी त्यांचेच यजमान उभे राहिले.

वकिली करत होतात तेव्हा परक्या माणसांची एक तारीख कधी चुकवली नाहीत. काळा कोट खुंटीला टांगून जग पालथं घालायला निघालात, आणि पोटच्या पोरीची एवढी एक तारीख तुम्हाला पाळता आली नाही. दक्षिण ध्रुवावरून तुमचा फोटो मात्र वेळेवर आला. अख्ख्या समरकंदने वाहवा केली. मोहिराने पाहिला नाही.

स्वयंपाकघरात तुमच्या अकरा रोट्या टांगलेल्या आहेत. निघताना दाताने एक घास तोडायचा, उरलेली परत येऊन संपवायची, म्हणजे माणूस घराची वाट विसरत नाही, असं सासूबाई सांगायच्या. त्या गेल्यावरही मी त्या रोट्या उंदरांपासून जपल्या. तुम्ही परत आलात की दर वेळी तेच, "दगड झालाय हिचा, ताजी भाज."

म्हणून आज ताजी भाजलीय. पुलाव कढईत आहे, गरम करून घ्या. भिंतीवरच्या काढायच्या की ठेवायच्या, ते तुमचं तुम्ही बघा.

मी ताश्कंदला मोहिराकडे जातेय. टेबलावरच्या रोटीला कुठे माझा दात लागलाय का, ते शोधत बसू नका. ती अख्खी आहे. तुम्हीच खा.

ओयनिसा