खरकटं नसलेल्या घरातलं मशीन

लातूर, मंगळवार

आमचे थोरले मेहुणे गुरुपादप्पा यांना बसलिंगप्पाचा शरणार्थ. आम्ही इकडे मजेत आहोत ('आम्ही' म्हणजे सध्या मी एकटाच, पण पत्रात तसं लिहायची सवय आहे). तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरत जा. तुमच्या भगिनी जगदेवी मुखेडला येऊन आज अकरा दिवस झाले. त्या सुखात असतीलच. माहेरी महिनाभर राहिल्या तरी माझं काही म्हणणं नाही. मला काही फरक पडत नाही. हे फोनवरही सांगितलं असतं, पण तुमचा फोन त्याच उचलतात, "पोटभर जेवलाव का?" एवढंच विचारतात आणि मी हो म्हटलं की ठेवून देतात. म्हणून पत्र.

त्या अशा अचानक का आल्या, हे त्यांनी सांगितलं नसेल. त्याचं असं झालं. पुण्याला तुमच्या भाच्याच्या, म्हणजे आमच्या रुद्रेशच्या घरी सिंकखाली खरकटं दळायचं मशीन आहे. वरून टाकलं की भुगा होतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. चाळीस वर्षं डाळमिल चालवलेल्या माणसाला दळणारं काहीही दिसलं की मोह आवरत नाही. जगदेवीच्या साठीला मी तेच मशीन इथे बसवून घेतलं, तिला न विचारता (साडी घेतली असती तर रंग चुकला असता, यात तो प्रश्न नव्हता). तिने मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "लई चांगलं हाय. पन आपल्या घरात ह्याला खायाला काय घालायचं?" भाजीची सालं दारात येणाऱ्या गायीला जातात, शिळ्या भाकरीचा कुस्करा होतो, उरलेलं वरण दुसऱ्या दिवशी धपाट्यात मळलं जातं. शिवाय तुमची बहीण जेवण झालं की ताट धुऊन ते पाणी पिते, तुमच्या आईसारखीच. प्रसादाचा कण मोरीत जाऊ नये म्हणून. (मीही प्यायला हवं, पण मिलची घाई सांगून चाळीस वर्षं टाळत आलो. मिल मुलाने विकली, तरी घाई चालूच आहे.) थोडक्यात, मशीन आठ दिवस उपाशी होतं.

नवव्या दिवशी शेजारचे धोंडप्पा ते बघायला आले. तेही डाळीच्याच धंद्यातले. जगदेवी मठात गेली होती. आता पाहुण्याला रिकामं मशीन काय दाखवायचं? मी डब्यातली ओंजळभर हरभरा डाळ आत सोडली. मशीन गुरगुरलं, थांबलं, आणि पाणी वर येऊन उभं राहिलं. मिलमध्ये माल अडकला की वरून आणखी माल सोडायचा, वजनाने खालचा सरकतो, हे आम्हा दोघांच्या हाडात मुरलेलं. म्हणून नीट विचार करून (हे मुद्दाम लिहितो, नीट विचार करून) उरलेला डबाही ओतला आणि चहा घेत बसलो. तासा-दीड तासाने पाहतो तर डाळ काठाशी आलेली. मी आयुष्यभर डाळ वाळवली, भरडली, विकली. ती भिजल्यावर किती होते हे बघायचं काम कधी माझ्याकडे नव्हतंच. धोंडप्पा म्हणाले, "निघतो, मिलवर काम हाय." त्यांची मिल दिवाळीपासून बंद आहे.

तेवढ्यात जगदेवी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सिंकमध्ये हात घालून मूठभर डाळ उचलली आणि कपाळाला लावली. दुष्काळात तुमच्या घरी कोंडा चाळून कण्या वेचल्या होत्या, हे तिने मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. ते मला त्या क्षणी आठवलं. डबा ओतताना आठवलं नाही. मला फार लाज वाटली. ती म्हणाली, "तुमच्या मशीनला पोटभर घाला. मी मुखेडला चालले." आणि दुपारच्या एस.टी.ने निघाली. जाण्याआधी वरवरची डाळ चाळणीने काढून गायीला घालून गेली.

पुढे श्रीमंत प्लंबर आला. त्याने पाइप ठोकून पाहिला, "काका, हितं पुरन कुनी घातलं?" असं विचारलं आणि पाना आणतो म्हणून गेला. मी भांडी न्हाणीत घासत राहिलो. एकटा माणूस, भांडी ती किती! तेव्हा तक्रार अशी काही नाही, सहज खुशाली कळवली. घरात सर्वांना शरणार्थ सांगा.

आपला,
बसलिंगप्पा

ता. क. श्रीमंत दुसऱ्याच दिवशी पाना घेऊन परत आला होता. पाणी गेल्या सोमवारीच उतरलं. मशीन काढून धोंडप्पांना देऊन टाकलं. त्यांनीही सुनेला विचारलेलं नाही.

आणखी एक. रोज जेवण झालं की ताट धुऊन पाणी पितो. पहिल्या दिवशी फार खारट लागलं, पण वरण मीच केलं होतं.

शेवटचं. तुम्ही पेपर मोठ्याने वाचता, अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. हे पत्रही तसंच वाचा, जगदेवी स्वयंपाकघरात असताना. 'मला काही फरक पडत नाही' एवढं गाळा. ताटाचं दोनदा वाचा. आणि फोनवर मी रोज हो म्हणतो ते खोटं आहे. हे हळू वाचलंत तरी तिला ऐकू येईल.