चुकलेलं साल

प्रिय चिंगी,

अक्षर ओळखून हा कागद फाडून टाकला नसशील, तर आधी एवढं वाच. चार वर्षांपूर्वी दारात उभं राहून तुला जे बोललो, त्याबद्दलच लिहायला बसलोय. पण सरळ मुद्द्यावर येणं तुझ्या बापाला कधी जमलंय? म्हणून आधी माझी फजिती ऐक.

यंदाही चर्चची ईस्टरची मोठी मेणबत्ती आपल्याच कारखान्यात ओतली. छातीइतकी उंच, मधोमध क्रूस, क्रूसावर मेणाचे पाच खिळे आणि चार कोपऱ्यांत सालाचे चार आकडे. ते आकडे तू कापायचीस. लाल मेणाची पट्टी तळहातावर उबवून, जीभ दातांत धरून, एका दमात. तू लग्न होऊन गेल्यापासून मीच कापतो. माझा आठ भोपळ्यासारखा दिसतो असं तुझी आई म्हणते, आणि खोटं नाही ते.

शनिवारी दिवेलागणीला सगळे चर्चच्या अंगणात शेकोटीभोवती जमलो. आत मिट्ट काळोख. याच मेणबत्तीवरून प्रत्येकाची छोटी मेणबत्ती पेटायची, येशू मरणातून उठला म्हणून चर्च उजळायचं. पेटवण्याआधी फादर एकेका आकड्यावर बोट फिरवून सारा काळ देवाचा आहे असं म्हणतात, ते तुला ठाऊकच आहे. शेवटच्या आकड्यावर बोट अडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यंदाचं साल तोंडी म्हणून पुढे गेले. मागे गाणाऱ्या बायकांत खसखस पिकली. मी वाकून पाहिलं. तू दारातून परत गेलीस ते साल मी लावलं होतं.

चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वय झालं, नजर गेली, असं मनाला सांगून पाहिलं. मनाला ते पटेना. रविवारी पहाटे, प्रार्थनेच्या आधी, सुरी गरम करून आकडा काढायला गेलो. फादरांनी मेणबत्ती धरली आणि हे कुठलं साल म्हणून विचारलं. मी म्हणालो, "लेकीला घराबाहेर काढलं ते." आकडा निघेपर्यंत त्यांनी मेणबत्ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मग प्रार्थनेत फादरांनी ती दरवर्षीचीच गोष्ट वाचली. बायका येशूच्या थडग्यावर जातात, मेलेल्याला तेल लावायला, आणि तो तिथे नसतो. जिवंत असतो. किती वेळा ऐकलीय मी. या वेळी ऐकवेना. नवऱ्याचा मार चुकवून तू पिशवी घेऊन आलीस आणि लोक काय म्हणतील या भीतीने मी म्हणालो, "आमच्यासाठी तू मेलीस." धडधडीत जिवंत लेकीला मी मेलेली म्हटलं, चिंगी, आणि पुढची चार ईस्टर पहिल्या बाकावर बसून पुनरुत्थानाची गाणी गायलो. माझी मलाच किळस आली.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. भाजी आणते म्हणून तासतासभर बाहेर जाते आणि रिकामी पिशवी घेऊन येते, ती तुझ्याशी फोनवर बोलायला, हे मला केव्हाचं माहीत होतं. काय बोलता ते विचारायची हिंमत नव्हती. काल विचारलं. तेव्हा तिने तुझ्या पोटातल्या गाठीचं सांगितलं.

उद्या सकाळी तुझं ऑपरेशन. माझा तो शब्द अंगावर घेऊन तुला त्या टेबलावर झोपू द्यायचं नाही, म्हणून हे पत्र. तो शब्द मी परत घेतो. माफ कर असं म्हणत नाही, तो तुझा प्रश्न आहे. आई हा कागद तुझ्या हातात देईल तेव्हा मी दवाखान्यात खालच्या बाकावर बसलेला असेन. वर येऊ नका म्हणालीस तर येणार नाही. पण तू शुद्धीवर आलीस असं कळेपर्यंत घरी जाणार नाही.

म्हणवू देशील तर तुझाच,
बाबा