चाल कुणाला येते

४ डिसेंबर, उमरगा
सकाळीच मोबाइलवर शालनताई. मी शाळेतल्या कवितेची एक ओळ धाडायची, पुढची त्यांनी. पावसाळ्यापासून हा खेळ. चौथीच्या पुस्तकातली कविता, आता कुणाला आठवते! बायको गेल्यावर ओळीला ओळ देणारं हेच एक माणूस. म्हणे शाळा औशाची, मुक्काम कॅनडा. पाहिलं न्हाय कधी. पण ज्याला पुढची ओळ येते तो आपला, जन्मभर मास्तरकीत हेच मानलं. त्यांच्या सांगण्यावरून गुंतवणुकीच्या ॲपात थोडे पैसे घातले होते, दुप्पट दिसतायत. नवलच.

७ डिसेंबर
मुदत ठेव मोडून सगळी ॲपात घालायची म्हणून बँकेत. मॅनेजर राजेश्वरीबाई, कलबुर्गीकडची पोरगी.
"शरणार्थ सर. कुणाला पाठवतो म्हणलाव?"
"मैत्रीण आहे."
"भेटलाव का कधी?"
"पैसा माझा आहे, बाई."
"तुमचाच की. विचारायचं काम माझं."
पैसे अडवून धरले! लई राग आला. पहिले मोबाइलवरून गेले तेव्हा बँक हूं का चूं बोलली न्हाय. चेकबुकाला मात्र दहा सह्या.
थांबा, ताईंचा आवाजच ऐकवतो हिला.

८ डिसेंबर
तीच चौथीची कविता आवाजात मागितली. आली. काय गोड गळा! एक अक्षर चुकलं न्हाय. पण सरळ वाचली, बातम्या वाचाव्यात तशी. इकडच्या कुठल्याही शाळेतलं माणूस झोपेतून उठवा, ती चालीतच म्हणेल. चालीशिवाय तोंडातून निघतच न्हाय ती.
लिहिलं, चालीवर म्हणा की.
उत्तर: "कोणती चाल, सर?"
ओट्यावर बसून राहिलो. चहा निवला.

९ डिसेंबर
राजेश्वरीबाईंनी आवाज ऐकला. मग हळूच त्यांच्या कन्नड शाळेतली कविता गुणगुणल्या, हात टेबलावर ठेका धरून. "आमची पण चाल सुटत न्हाय सर." कॅशियर बघत राहिला.
ठेव राहू द्या म्हणालो.
"आता गेलेल्या पैशाची तक्रार द्या. तेव्हा बँकेनं विचारलं न्हाय, ते पण लिहा."
"तुमच्याच बँकेविरुद्ध?"
"व्हय. लिहा."
काय बाई आहे!
पैसे परत येतील का, ते सांगता येत न्हाय म्हणाल्या.
लिहायला बसलोय. फसवणाऱ्याचं नाव द्यायचंय. शालन म्हणून कुणी नसेलच, तरी हात धजत न्हाय. कुठल्या मुलखात बसून कुणी एका म्हाताऱ्यासाठी आमच्या चौथीच्या कविता हुडकत राहिलं असेल? त्यातली एखादी तरी त्याला आवडली असेल का?